पहिला नंबर आणि पडकी भिंत

अमेरिकन फुटबॉलविषयी लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकलेले बरे. गेली वीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. वृत्ते, अलंकार आणि संतवाङ्मय हा माझा प्रांत. चेंडूशी माझा शेवटचा संबंध आला तो शाळेत असताना, आणि तोही शेजाऱ्यांची कौले फुटली म्हणून मार खाण्यापुरता. पण २०२४ च्या दिवाळीत मी माझ्या ताईकडे, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट ह्या शहरी गेलो होतो. आणि तिथे ऐन भाऊबीजेच्या दिवशी घरात असा काही वाद पेटला की तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

भाऊबीज त्या वर्षी ३ नोव्हेंबरला, रविवारी आली होती. एवढा सातासमुद्रापलीकडून भाऊ आलेला. मला वाटले, ताई सावकाश, साग्रसंगीत ओवाळील. तर अकरा वाजताच तबक पुढे आले. "आटप रे, एक वाजता मॅच आहे," ती म्हणाली. हीच माझी ताई लहानपणी वाड्यात क्रिकेटची कॉमेंट्री लागली की रेडिओ बंद करायची!

सामना होता गावच्या कॅरोलायना पँथर्सचा, न्यू ऑर्लिन्सच्या सेंट्स ह्या संघाशी. पँथर्सनी तोवर आठ सामने खेळून एक जिंकला होता. तरी सारे शहर टीव्हीपुढे बसले होते, ते एका तेवीस वर्षांच्या मुलासाठी. त्याचे नाव ब्राइस यंग. हा मुलगा नालायक आहे, की त्याचे सोबती नालायक आहेत, हा त्या वेळी शार्लटमधला सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न होता. किराणा दुकानात, दंतवैद्याकडे, मंदिराच्या चपला ठेवण्याच्या जागेत, मी जिथे गेलो तिथे हाच विषय.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. भाच्याने मला चकल्या मांडून समजावला, तसाच. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. प्रत्येक डाव सुरू होतो तो क्वार्टरबॅकच्या हातून. त्याच्यापुढे पाच अगडबंब गडी रांगेत उभे असतात, एकेक तीनशे पौंडांच्या घरातला, म्हणजे आपल्या हिशेबाने एकशेपस्तीस किलोंच्या आसपास. त्या पाचांनी चेंडू फेकायचा नाही, एरवी झेलायचाही नाही. त्यांनी फक्त भिंत व्हायचे. त्या भिंतीमागे क्वार्टरबॅकला मिळतात अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात त्याने मैदानभर पांगलेले आपले झेलणारे पाहायचे, त्यांतला मोकळा कोण ते ओळखायचे आणि चेंडू फेकायचा. भिंत आधीच फुटली आणि चेंडू हातात असतानाच त्याला पाडले, तर त्याला 'सॅक' म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ती क्वार्टरबॅकच्या नावापुढे छापून येते. भिंतीतल्या कोणत्या विटेने दगा दिला, ते त्या रकान्यात नसते.

आता ह्या मुलाची कथा. ब्राइस यंग अॅलाबामा विद्यापीठात असताना २०२१ सालचा हाइझमन पुरस्कार मिळवलेला. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये याहून मोठा मान नाही. उंची मात्र पाच फूट दहा इंच, म्हणजे ह्या खेळात बुटकाच. अमेरिकेत व्यावसायिक संघांना नवे खेळाडू वाटून देण्याची 'ड्राफ्ट' नावाची एक रीत आहे. गेल्या वर्षी जो संघ शेवटचा, त्याने सर्वांत आधी निवड करायची. ऐकायला फार न्यायाचे वाटते. पण निवडल्या जाणाऱ्या मुलाच्या बाजूने पाहा: गुणवत्ता यादीत पहिला आलास ना, मग जिल्ह्यातली सर्वांत मोडकी शाळा तुला!

पँथर्सनी तर याच्याही पुढची गंमत केली. २०२३ साली पहिली निवड त्यांच्याकडे नव्हती, शिकागोकडे होती. ती त्यांनी विकत घेतली. मोबदल्यात पुढच्या काही निवडी दिल्याच, शिवाय डी. जे. मूर हा आपला सर्वांत चांगला झेलणारा गडीही देऊन टाकला. म्हणजे गवई आणण्यासाठी तबलजी विकला. मूरने त्याच वर्षी शिकागोकडून १,३६४ यार्डांची कमाई केली, आणि इकडे यंगच्या फेकी सर्वांत जास्त झेलल्या त्या तेहतीस वर्षांच्या अॅडम थीलेनने. त्या पहिल्या मोसमात यंगला ६२ वेळा पाडले गेले. संघाने सतरा सामन्यांत दोन जिंकले. मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइक यांना मोसम संपण्याआधीच घरी पाठवण्यात आले.

"वर्षाच्या आत तीन मास्तर बदलले रे त्याचे!" ताई कळवळून म्हणाली. "एवढंसं पोर ते. आपल्याकडे चौथीतल्या मुलाचे बदलले तरी आईबाप शाळेवर मोर्चा नेतील."

मेहुण्यांना हा कळवळा मान्य नव्हता. ते इंजिनिअर, आकड्यांशिवाय बोलत नाहीत. "त्याच्यामागोमाग दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला स्ट्राउड पाहा," ते म्हणाले. "ह्यूस्टनला गेला. ह्यूस्टनने आदल्या वर्षी तीन सामने जिंकले होते, त्याच्या पहिल्याच वर्षी दहा जिंकले. मोडकं घर त्यालाही होतंच की! आणि ते राहू दे. २०२४ ला संघाने भिंतीसाठी हंट आणि लुईस असे दोन तगडे गडी पैसा ओतून आणले. तरी पहिले दोन्ही सामने हरले. मग यंगला बाकावर बसवून अँडी डाल्टनला उतरवलं. गडी तेच, भिंत तीच, आणि पहिल्याच सामन्यात छत्तीस गुण! आता बोल."

ताई काही बोलली नाही. मीच मध्ये तोंड घातले. म्हटले, "भावोजी, अभिमन्यूला चक्रव्यूहातून बाहेर पडायची विद्या ठाऊक नव्हती, हे खरंच. पण मागून येणाऱ्या पांडवांना जयद्रथाने अडवलं नसतं, तर ती विद्या लागलीच नसती."

"आणलंत तुमचं महाभारत!" मेहुणे म्हणाले, आणि सामना सुरू झाला.

त्यांचा डाल्टनचा मुद्दा मला तिथे खोडता आला नाही. पण त्या रात्री आणि पुढे घरी परतल्यावर मी जे काही वाचले, त्यावरून तो वाटतो तितका पक्का नाही असे माझे मत झाले. पहिली गोष्ट, डाल्टनने तो एक सामना जिंकला आणि पुढचे चार ओळीने हरला. मग मोटारीच्या अपघातात त्याचा अंगठा दुखावला, म्हणून तर यंग परत मैदानात आला. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. डाल्टन त्या वेळी छत्तीस वर्षांचा होता. २०११ साली तो सिनसिनाटीच्या संघात आला तेव्हा त्याच्याच बरोबर ए. जे. ग्रीनसारखा अव्वल झेलणारा आला होता, आणि त्या संघाने पहिल्याच वर्षी बाद फेरी गाठली होती. म्हणजे त्याचे हात वळले ते बऱ्या घरात. पडक्या भिंतीमागे तो उभा राहिला तो मुरल्यावर. 'गडी तेच' हे आकड्यांपुरते खरे. पण ज्याने उभे राहणेच भिंत कोसळताना शिकले, त्याला ते गडी तसेच दिसत नाहीत.

ह्याचे सर्वांत विदारक उदाहरण ह्यूस्टनचेच आहे. २००२ साली तिथे कोरा नवा संघ उभा राहिला आणि त्याने पहिल्या निवडीत डेव्हिड कार नावाचा क्वार्टरबॅक घेतला. भिंतीचा कोनशिला म्हणून टोनी बोसेली हा मोठा नावाजलेला गडी मिळवला होता. पण त्याचा खांदा असा गेला की तो त्या संघाकडून एकही सामना खेळला नाही. पहिल्याच लढतीत ह्यूस्टनने शेजारच्या डलासला हरवले, गावात दिवाळी झाली. पण त्या मोसमात कारला ७६ वेळा पाडले गेले. एका मोसमातला तो उच्चांक आजही त्याच्याच नावावर आहे. पाच वर्षांत मिळून २४९. जाणकार सांगतात, पुढे पुढे कार मैदानात दूर पाहीनासाच झाला. त्याची नजर अंगावर येणाऱ्यांवर खिळू लागली. भिंत शाबूत असली तरी तो पळे. मग पाहणारे म्हणू लागले, भिंतीचा काय दोष, हाच घाबरट आहे. आणि तोवर ते खरेही झाले होते!

२०१९ साली न्यूयॉर्क जेट्सचा तरुण क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड न्यू इंग्लंडकडून ३३–० असा हरत असताना, बाकावर बसून आपल्याला भुते दिसत आहेत असे म्हणाला. ध्वनिक्षेपकाने ते टिपले आणि देशभर हसे झाले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. चुलीने पोळलेला मुलगा थंड तव्यालाही हात लावत नाही, तो त्याचा मूर्खपणा म्हणायचा का? हा डार्नल्ड पुढे दोन वर्षे याच शार्लटमध्ये होता आणि इथेही फुकटच गेला. पण तिथून तो सॅन फ्रान्सिस्कोच्या बाकावर वर्षभर नुसता बसला, आणि २०२४ साली मिनेसोटाने त्याच्या हाती चेंडू दिला तर सतरापैकी चौदा सामने जिंकून बसला! तिथेही शेवटी बाद फेरीत एका रात्रीत त्याला नऊ वेळा पाडले आणि लोक म्हणाले, आली भुते परत. मिनेसोटाने त्याला जाऊ दिले. २०२६ च्या फेब्रुवारीत त्याने सिअॅटलला सुपर बोल जिंकून दिला. समोर संघ कोणता, तर न्यू इंग्लंड.

बापांना हे सारे ठाऊक असते. आर्ची मॅनिंग हा १९७१ पासून न्यू ऑर्लिन्सच्या ह्याच सेंट्सचा क्वार्टरबॅक. अंगात गुण असे की १९७८ साली त्याला आपल्या विभागातला सर्वोत्तम खेळाडू ठरवले गेले, त्या मोसमात संघ जिंकला त्यापेक्षा अधिक हरलेला असूनही. पण त्याच्या साऱ्या कारकीर्दीत जय ३५ आणि पराजय १०१. १९८० साली तर सेंट्सचे पाठीराखे डोक्यावर कागदी पिशव्या घालून सामन्याला येत. शेजाऱ्यांनी ओळखू नये म्हणून. हाच आर्ची २००४ साली आपल्या धाकट्या मुलासाठी, ईलायसाठी, पुढे सरसावला. सॅन डिएगोचा संघ त्याला पहिल्या क्रमांकाने निवडणार होता. बापलेकांनी आधीच कळवले, आम्हांला हे स्थळ पसंत नाही. मोठा गहजब झाला, लोकांनी बापाला दूषणे दिली; निवड झाली आणि त्याच दिवशी ईलायला न्यूयॉर्कला धाडण्यात आले. त्याने पुढे दोन सुपर बोल जिंकले. आणि गंमत पाहा, नाकारलेल्या सॅन डिएगोने त्याच वर्षी सोळापैकी बारा सामने जिंकले! पोळलेल्या बापाची नजरही चुकते ती अशी. (डेव्हिड कार अखेर याच ईलायच्या मागे, राखीव गडी म्हणून बसला.)

इथे मला माझे एक जुने पाप सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या विभागात एक तरुण प्राध्यापिका आली. विद्यापीठात पहिली आलेली. तिला आम्ही जी तुकडी दिली ती उरलेल्यांची: उशिरा प्रवेश घेतलेले, नापास होऊन परत बसलेले, सकाळी वर्तमानपत्रे टाकून वर्गात पेंगणारे. आम्हां जुन्यांना ती तुकडी नको होती, म्हणून नव्याला. वर्षाअखेर निकाल वाईट लागला. तिघांची समिती नेमली गेली, त्यांत मी होतो. 'वर्गावर पकड नाही' असे आम्ही लिहिले. ते खोटे नव्हते. मी तिच्या तासाला मागच्या बाकावर बसलो होतो, आणि ती मुलांकडे न पाहता फळ्याकडे पाहून शिकवत होती. दाराशी जरा खुट्ट झाले की दचकत होती. मी ते टिपून घेतले. ती पहिल्या महिन्यात कशी शिकवत होती, हे विचारायचे मात्र कोणालाही सुचले नाही. त्या तुकडीचा आधीच्या तीन वर्षांचा निकाल टेबलावर नव्हता. अमेरिकेहून परतल्यावर मी तो कार्यालयातून काढून पाहिला. तिच्या वर्षी लागलेला निकाल त्या तिन्ही वर्षांपेक्षा किंचित बरा होता. ती त्याच उन्हाळ्यात नोकरी सोडून गेली होती. मी तिला पत्र लिहिले आहे. उत्तर आलेले नाही, यावे अशी अपेक्षाही नाही.

पुन्हा शार्लटला येतो. पँथर्स त्या दिवशी एका गुणाने जिंकले, २३–२२. मेहुणे आपले सारे आकडे विसरून सोफ्यावर उभे राहिले. ताईने यंगची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. (त्यापुढच्या वर्षी यंगचा संघ आपल्या गटात पहिला आला, तोही ८ विजय आणि ९ पराभवांवर! म्हणजे दोघांनाही आपलेच खरे म्हणायला जागा राहिली.)

भाचा मात्र गप्प होता. सामना चालू असतानाही मी पाहत होतो, सगळे चेंडूकडे बघत, हा पडद्याच्या मध्यावर, जिथे नुसती ढकलाढकल चालते, तिथे बघत होता. तो सोळा वर्षांचा, अंगाने आडवातिडवा, आणि आपल्या शाळेच्या संघात भिंतीतली एक वीट आहे. उजवा गार्ड. शुक्रवारी रात्री आम्ही सगळे त्याचा सामना पाहायला गेलो होतो. कुडकुडत बसलो होतो, खेळ मला फारसा कळत नव्हता. त्यांचा क्वार्टरबॅक एकदा जोरात आपटला आणि खांदा धरून बाहेर गेला, एवढे दिसले. ताईच्या शेजारी बसलेल्या बाई, त्या मुलाच्या आईच, किंचाळल्या. त्यांनी एवढेच ओरडून विचारले, की त्या उजव्या बाजूला कोण आहे. ताईने शाल डोक्यावरून ओढून घेतली.

त्या रात्री भाच्याने फराळाला हात लावला नाही. जिन्यात बसून राहिला. मी शेजारी जाऊन बसलो, तेव्हा म्हणाला, "मामा, तो माझ्या बाजूने आला. माझा पाय घसरला. मी पाहिलं त्याला जाताना." बस्स, एवढेच. कमकुवत सोबती, कमकुवत सोबती म्हणून आपण ज्यांना आकड्यांत मोजतो, त्यांतला एक असा जिन्यात बसलेला मी प्रथमच पाहत होतो.

पाडव्याच्या दिवशी ताईने चकल्यांचा आणि बेसनाच्या लाडवांचा डबा भरून त्याला त्या मुलाच्या घरी पाठवले. सोबत मी. हात गळ्यात बांधलेला तो मुलगा दारात आला. आई मागे उभी होती. तिचा चेहरा काही बरा नव्हता. भाचा मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. त्यावर तो मुलगा म्हणाला की, तुझी चूक नाही, मीच चेंडू फार वेळ हातात ठेवला. डावीकडचा गडी मोकळा होता, मला दिसला नाही. भाचा म्हणाला, दिसणार कसा, तू माझ्या बाजूला पाहत होतास. तो म्हणाला, हो, कारण आधी दोनदा तिकडूनच आले होते. मग दोघेही थांबले. आईने डबा घेतला आणि आम्हांला आत बोलावले.

सामन्याच्या त्या रविवारी रात्री सगळीकडे निजानीज झाल्यावर भाच्याच्या खोलीत दिवा दिसला. शाळेच्या प्रशिक्षकांनी शुक्रवारच्या खेळाची फीत सर्व मुलांना पाठवली होती. भाच्याने फोन उशीला टेकवून ठेवला होता, पलीकडे तो खांदा बांधलेला मुलगा होता, आणि दोघे मिळून तेच ते चार सेकंद पुन्हा पुन्हा पाहत होते. सेकंद मोजण्याची तिकडच्या मुलांची एक रीत आहे. प्रत्येक आकड्यामागे मिसिसिपी नदीचे नाव घ्यायचे, म्हणजे बरोबर एक सेकंद भरतो. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होते, एक मिसिसिपी, दोन मिसिसिपी... आणि तिथे दरवेळी वाद. एक म्हणे, इथे माझा पाय गेला. दुसरा म्हणे, थांब, त्याच्याही आधी, इथे मी फेकायला हवा होता. मग पुन्हा पहिल्यापासून.

"झोपा रे आता," ताई पलीकडच्या खोलीतून ओरडली. दिवा मालवला. थोड्या वेळाने अंधारात, अगदी हळू आवाजात, पुन्हा सुरू झाले: एक मिसिसिपी...